माग थांबला तेव्हा

ॲण्ड्रयू कार्नेगी यांचे नाव आपण पोलादाच्या व्यापारातील कुबेर म्हणून ऐकले असेल. हे घराणे अमेरिकेस गेले तरी कशासाठी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. धाडसाची हौस होती असे समजू नका. घरातला माग बंद पडला, म्हणून ती माणसे गेली.

स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन हे विणकरांचे गाव. लिननचे नक्षीदार मेजपोस हा तेथला नामांकित हुन्नर. तेथेच २५ नोव्हेंबर १८३५ रोजी एका विणकराच्या घरी ॲण्ड्रयूचा जन्म झाला. खाली माग, माळ्यावर बिऱ्हाड. वडील विल्यम कसबी कारागीर. भरभराटीच्या दिवसांत त्यांचे चार माग चालत. पुढे वाफेवर चालणारे माग आले आणि हाताच्या कामाला गिऱ्हाईक उरले नाही. मालेगाव-भिवंडीकडच्या वाचकांना याहून अधिक सांगावयास नको. एके दिवशी काम आणावयास गेलेले विल्यम रिकाम्या हाताने घरी परतले. छोटे दुकान चालवून आणि जोडे शिवून आई मार्गारेटने संसार कसाबसा रेटला.

तिच्या दोन बहिणी आधीच अमेरिकेत पिट्सबर्गजवळ स्थायिक झाल्या होत्या. शेवटी माग व घरसामान विकावयास काढले. परंतु विकून आले किती? भाड्यास वीस पौंड कमीच पडले. ते मार्गारेटच्या एका मैत्रिणीने उसने दिले. मे १८४८ मध्ये ती चौघे ग्लासगोहून निघाली. त्याच सुमारास बटाट्याच्या रोगाने उपाशी पडलेले आयरिश लोक आणि फसलेल्या क्रांतीनंतर परागंदा झालेले जर्मनही अमेरिकेची वाट धरीत होते.

तेथे तरी विल्यम यांना काय मिळाले? स्वतः विणलेले मेजपोस ते दारोदार विकीत फिरले. अखेर या हातमागवाल्याला वाफेच्या सूतगिरणीतच काम धरावे लागले. तेरा वर्षांचा ॲण्ड्रयूही तेथेच बॉबिनवाला पोऱ्या म्हणून लागला. पगार आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. वडिलांचे मन गिरणीत रमले नाही. ते पुन्हा मागावर बसले आणि १८५५ मध्ये वारले.

मुलगा मात्र चढत गेला. तारखात्यात निरोप्या असताना कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी मुलांना आपली पुस्तके वाचावयास देत, त्याचा त्याने पुरेपूर लाभ घेतला. पुढे रेल्वे, मग पोलाद. १९०१ मध्ये त्यांनी आपला कारखाना ४८ कोटी डॉलरला विकला. पण १८९२ साली त्यांच्याच होमस्टेड कारखान्यात मजुरी कापण्यावरून रक्त सांडले, कामगार मेले, हेही विसरता येत नाही. माग गेल्याचे दुःख ज्याने घरात पाहिले, त्याच्या हातून हे व्हावे!

त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये झाली. त्यांतले पहिले १८८३ मध्ये उघडले, ते डन्फर्मलिनमध्येच. याच गावात पूर्वी पाच विणकरांनी आपापली चार पुस्तके एकत्र करून लोकांना वाचावयास दिली होती. त्या पाचांत विल्यम कार्नेगी होते.