पेशींचा इशारा ऐकणारा डॉक्टर

मिरजगावसारख्या गावात पावसाळ्यात फ्लूची साथ आली की एकाच घरात वेगवेगळे चित्र दिसते. थोरला तीन दिवस तापाने फणफणतो, सून अंगदुखीने बेजार होते आणि धाकट्याचे दोन शिंकांवर भागते. विषाणू एकच, मग असे का? या उत्तराचा पहिला धागा डॉ. अ‍ॅलिक आयझॅक्स यांच्या हाती लागला.

त्यांचा जन्म १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगोचा. १९४४ मध्ये ते तिथेच डॉक्टर झाले, पण ओढ प्रयोगशाळेची होती. पुढे मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे फ्लूच्या विषाणूंवर काम करताना त्यांना एका जुन्या कोड्याने पछाडले. एका विषाणूने गाठलेल्या पेशीत दुसरा विषाणू बहुधा वाढत नाही. त्याला अडवते कोण?

लंडनमध्ये स्वित्झर्लंडच्या जीन लिंडेनमन यांची साथ मिळाली. दोघांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या पटलाचे तुकडे उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूंसह द्रवात ठेवले. मग तो द्रव ताज्या तुकड्यांना दिला. त्यांवर जिवंत विषाणू सोडला, तरी त्याची वाढ रोखली गेली. म्हणजे पेशींनीच काहीतरी स्रवले होते. १९५७ मध्ये त्याला इंटरफेरॉन हे नाव मिळाले.

पण हा पदार्थ अत्यल्प मिळे, शुद्ध करता येत नसे. काही शास्त्रज्ञांनी त्याची थट्टाही केली. आयझॅक्स यांना नैराश्याच्या आजाराने अधूनमधून गाठले. १९६४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, तरी ते कामावर परतले. १९६६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. २६ जानेवारी १९६७ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी ते गेले.

इंटरफेरॉनची जनुके हाती आली ती १९८० च्या सुमारास. पुढे ते कावीळ-क सारख्या आजारांत औषध म्हणून वापरले गेले. आज त्याचे काम कळले आहे. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. त्या पेशींत शेकडो जनुके जागी होतात आणि विषाणूची वाट अडवतात. प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. ही तयारी काही तासांत होते. इशारा वेळेवर गेला तर आजार अनेकदा हलका राहतो. उशीर झाला तर विषाणू आधीच फोफावतो आणि नंतरचा दाह शरीरालाच भोवतो. कोविडच्या काही गंभीर रुग्णांत तर स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली.

इंटरफेरॉनचे इंजेक्शन दिलेल्या रुग्णांनाही फ्लूसारखाच ताप येतो, अंग मोडून येते. म्हणजे साथीतला ताप बराचसा आपल्याच संरक्षणाचा असतो. अशा वेळी विश्रांती आणि भरपूर पाणी हवे. प्रतिजैविकाच्या गोळीने विषाणू मरत नाही. मात्र धाप लागली, शुद्ध हरपू लागली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा.