सम्राटाची खरवडलेली डायल

चीनचा शेवटचा सम्राट पू-यी १९०८ मध्ये गादीवर बसला, तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. १९१२ मध्ये गादी गेलीसुद्धा! पुढे जपानने त्याला मांचुकुओचा नामधारी सम्राट केलं. १९४५ मध्ये तो सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला. कैदेत त्याच्याजवळ तारीख आणि चंद्रकला दाखवणारं पाटेक फिलिपचं प्लॅटिनमचं घड्याळ होतं. डायलही प्लॅटिनमची आहे का, हे बघायला त्याने ती नोकराकडून खरवडून घेतली, असं सांगतात. निघालं पितळ! मग घड्याळ रशियन दुभाष्याला देऊन टाकलं. १९५९ मध्ये चीनच्या तुरुंगातून सुटल्यावर पू-यीने बीजिंगच्या बागेत माळीकाम केलं. १९६७ मध्ये तो गेला.

जुनी घड्याळं जमवणारे एरवी डागही नसलेली डायल शोधतात. हे घड्याळ मात्र २०२३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं, खरवडलेल्या डायलसकट.