कार्ल्यात सोनं नाही, पण...

पावसाळा लागला की पुणे-लोणावळा लोकल कॉलेजच्या पोरापोरींनी भरून जाते. मळवलीला उतरायचं, कार्ल्याच्या पायऱ्या चढायच्या, एकवीरेचं दर्शन घ्यायचं, चैत्यगृहात फोटो काढायचे आणि खाली येऊन गरमागरम भजी. ग्रुपमधला एखादा हमखास विचारतो, इथे कुठे सोनंबिनं सापडत असेल का रे?

उत्तर सरळ आहे, नाही. मावळातला खडक लाव्हारसातून बनलेला काळा बेसाल्ट, त्यात सोन्याच्या शिरा मिळत नाहीत. महाराष्ट्रात सोनं आहे ते पार तिकडे, नागपूर-भंडाऱ्याच्या कितीतरी जुन्या खडकांत. पण याच मावळात आणि पुण्याच्या टेकड्यांवर एक माणूस सुट्टीच्या दिवशी वेगळाच खजिना शोधत फिरायचा. दामोदर धर्मानंद कोसंबी त्यांचं नाव. पेशाने गणिती, आणि ही सगळी भटकंती निव्वळ हौसेची.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवी घेऊन परतले. बनारस, अलिगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज अशा ठिकाणी गणित शिकवलं. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये रुजू झाले, पण पुणं काही सोडलं नाही. डेक्कन क्वीनने रोजचं अप-डाऊन!

इतिहासात ते शिरले नाण्यांमुळे. नाणं जितक्या हातांतून फिरतं तितकं झिजतं, म्हणजे त्याचं वजन घटतं. मग नेमकं वजन केलं तर कुठलं नाणं जास्त काळ चलनात होतं, हे कळायला हवं ना? कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली हजारो आहत नाणी तराजूत घातली आणि संख्याशास्त्र लावून त्यांचा क्रम मांडला. दुसरे लोक नाण्याची किंमत बघत होते, हे त्याची झीज बघत होते.

तीच नजर त्यांनी जमिनीकडे वळवली. टोकाला छिन्नीसारखं लोखंड बसवलेली काठी घ्यायची आणि चालत सुटायचं. शोध होता सूक्ष्मास्त्रांचा, म्हणजे अश्मयुगातल्या माणसाने गारगोटीसारख्या दगडाच्या काढलेल्या नखाएवढ्या पात्यांचा. बाजारात किंमत शून्य. पण सोनं शोधणारा जसा नदीचं वळण बघून गाळ चाळतो, तसं कोसंबीही कुठेही शोधत नव्हते. जिथे नांगर लागलेला नाही, मातीचा थर पातळ आहे आणि पावसाने वरची माती धुऊन नेली आहे, असे उतार ते निवडायचे. धनगरांना त्यांच्या मेंढरांच्या वाटा विचारायचे आणि रानातल्या छप्पर नसलेल्या देवींच्या ठाण्यांची नोंद ठेवायचे.

त्यातून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. या पात्या, देवींची ठाणी आणि लेणी बऱ्याचदा एकाच वाटेवर येतात. अश्मयुगातल्या लोकांच्या वाटा पुढे व्यापाऱ्यांनी वापरल्या, असं त्यांनी मांडलं. कार्ल्याची लेणी म्हणजे जंगलातला एकांतवास नव्हता, ती घाटातून बंदरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. चैत्यगृहातले शिलालेखच बघा ना. दान देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि सुतारही आहे. हे धेनुकाकट कार्ल्याजवळच असावं असं कोसंबींचं मत होतं. त्यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण राजांच्या याद्या सोडून सुतार आणि धनगरांकडे बघायला त्यांनी शिकवलं. १९५६ मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकाने या विषयाचा अभ्यास करण्याची पद्धतच बदलली.

नोकरीत मात्र सगळं गोड नव्हतं. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्या, असं ते उघडपणे मांडत होते. गणितातल्या प्रसिद्ध रीमन हायपोथिसिसबद्दलचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने करार पुढे वाढवला नाही. त्याच वर्षी देवींच्या ठाण्यांवरचे आणि या वाटांवरचे लेख असलेलं त्यांचं पुस्तक आलं. म्हणजे पगाराचं काम सुटलं, हौसेचं काम टिकलं. २९ जून १९६६ ला पुण्यात राहत्या घरी झोपेतच ते गेले, तेव्हा ते अवघे ५८ वर्षांचे होते. २००८ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

आपल्यालाही असं शोधायला जाता येईल? नक्की, पण उचलायला नाही. कार्ले-भाजे ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे खोदणं किंवा काही काढून नेणं गुन्हा आहे. बाहेर कुठे पुरलेलं धन मिळालं तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वेगळा दगड दिसला तर त्याचा फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि तो तिथेच राहू द्या. कुठला दगड कुठे पडला होता, हे एकदा हरवलं की तो नुसता दगड उरतो.