हॅल फिनी: टेस्टनेट नव्हतं तेव्हाचा पहिला टेस्टर

टेस्टनेटवर पहिलं वॉलेट उघडण्याआधी हॅल फिनी हा माणूस माहीत असावा, असं मला वाटतं. तो गेला तेव्हा तुमच्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत असतील.

जन्म १९५६, कॅलिफोर्नियातलं कोलिंगा. १९७९ मध्ये कॅलटेकमधून इंजिनिअरिंग. आधी व्हिडिओ गेम लिहिले, मग फिल झिमरमनसोबत ईमेलला कुलूप लावणाऱ्या पीजीपीवर काम केलं. बँकेशिवाय डिजिटल पैसा चालेल का, हा किडा डोक्यात जुनाच. २००४ मध्ये त्याने स्वतःची एक सिस्टिम बनवलीही. ती फारशी चालली नाही.

३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोटो या टोपणनावाने बिटकॉइनचा पेपर आला. बऱ्याच जाणकारांनी नाकं मुरडली. फिनीने मात्र जानेवारी २००९ मध्ये सॉफ्टवेअर येताच चालवून पाहिलं. ते क्रॅश झालं. त्याने सातोशीला कळवलं, दुरुस्ती आली, पुन्हा चालवलं, पुन्हा कळवलं. १२ जानेवारीला सातोशीने त्याला १० बिटकॉइन पाठवले. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला तो पहिला व्यवहार, ब्लॉक १७०. काही दिवसांनी कॉम्प्युटर तापतो, पंखा आवाज करतो म्हणून पठ्ठ्याने मायनिंग बंदच केलं!

लक्षात घ्या, ही टेस्टिंग खऱ्या नेटवर्कवरच चालली होती. नाण्याला किंमत नव्हती म्हणून ते जमलं. बिटकॉइनचं वेगळं टेस्टनेट २०१० मध्ये आलं. ब्लॉक १७० आजही जागेवर आहे, आणि चूक झाली असती तर तीही तशीच राहिली असती.

हे आपल्यापासून लांबचं नाही. आम्हा मूलवाल्यांच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीला, २०२२ मध्ये जवळपास ६५,००० जातीच्या दाखल्यांची पडताळणी पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नेली गेली. दाखल्यावर पोराची अ‍ॅडमिशन अडते. तिथे थेट खऱ्या चेनवर प्रयोग करायचा म्हणजे दुसऱ्याच्या वर्षाशी खेळ.

पॉलिगॉनच्या जुन्या टेस्टनेटचं नाव 'मुंबई' होतं. ते २०२४ मध्ये बंद झालं, आता 'अमोय' आहे. जुन्या व्हिडिओत मुंबई दिसलं तर पुढे सरका. वेगळं, रिकामं वॉलेट बनवा, अमोय जोडा (चेन आयडी ८०००२), फॉसेटवरून फुकट पीओएल घ्या. टेस्टची नाणी कुणी विकत असेल तर तो सरळ गंडवतोय. बारा-चोवीस शब्दांची सीड फ्रेज कुणालाच द्यायची नाही, फॉसेटलाही नाही. मग बिनधास्त पाठवा, तोडा, आणि काय तुटलं ते बनवणाऱ्याला कळवा.

फिनी धावणारा माणूस होता. २००९ मध्येच त्याला एएलएस झाल्याचं कळलं. हळूहळू हात, पाय, आवाज गेला. तरी डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राने तो कोड लिहीत राहिला, पूर्वीपेक्षा पन्नास पट हळू. बिटकॉइन वॉलेट जास्त सुरक्षित कसं होईल, यावर त्याचं काम चालू होतं. २८ ऑगस्ट २०१४ ला फिनिक्स शहरात तो गेला.