रुडॉल्फ डिझेल: ज्याच्या इंजिनाला आधी हवेचा आधार लागला आणि मग हवाच नडली

जुना ट्रक चार दिवस उभा राहतो. पाचव्या दिवशी सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. टाकीत डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे. मेकॅनिक येतो, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करतो, फेस बघतो आणि सांगतो, की गाडीने एअर पकडली आहे.

पण इंजिनाला हवा तर लागतेच ना? मग डिझेलच्या पाइपात चार बुडबुडे आले तर एवढं काय बिघडतं? याचं उत्तर ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखलं जातं, त्या माणसाच्या आयुष्यात आहे. त्याच्या पहिल्या यशस्वी इंजिनात डिझेल आत ढकलण्याचं काम हवाच करत होती.

पॅरिस, लंडन, आउग्सबुर्ग

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तू बनवायचं छोटं वर्कशॉप. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल होते, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते. पोराने तिथेच ठरवलं, की आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक मिळाले. हे लिंडे म्हणजे रेफ्रिजरेशनमधलं मोठं नाव. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम १० टक्के ऊर्जा कामाला लावतं आणि बाकीची वाया घालवतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून गेलीच नाही. १८८० मध्ये तो उत्तम गुणांनी पास झाला, लिंडेंच्याच बर्फाच्या यंत्रांच्या कामाला लागला, आणि उरलेल्या वेळात नव्या इंजिनाची गणितं मांडत राहिला.

ठिणगीशिवाय पेटणारं इंजिन

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. रुडॉल्फची कल्पना अशी, की सिलेंडरमधली हवा इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि त्या क्षणी इंधन आत सोडायचं. ते आपोआप पेटेल. स्पार्क प्लगची गरजच नाही.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पैसे लावले. हाच आउग्सबुर्गचा कारखाना पुढे 'मान' या नावाने जगाला माहीत झाला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं नाही. फेब्रुवारी १८९४ मध्ये ते जेमतेम एक मिनिट चाललं.

खरी अडचण: इंधन आत कसं घालायचं?

सिलेंडरमध्ये आधीच ३० बारच्या वर दाब असतो. त्याच्या विरुद्ध, नेमक्या क्षणी, थेंबभर इंधन बारीक फवाऱ्याच्या रूपात आत घालायचं होतं. रुडॉल्फने सुरुवातीला नुसत्या पंपाने करून पाहिलं. पण इतका अचूक आणि गळती न होणारा पंप बनवणं त्या काळच्या वर्कशॉपना जमत नव्हतं.

मग त्याने दुसरी वाट धरली. वेगळा कॉम्प्रेसर लावून हवा ६० बारच्या आसपास दाबायची आणि त्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकायचं. ही युक्ती चालली. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळात हा आकडा ऐकून उद्योगजगत चकित झालं.

पण कॉम्प्रेसर जड, महाग आणि नाजूक होता, आणि इंजिनाची ताकदही खायचा. कारखान्यात, वीजकेंद्रात, जहाजात तो चालून गेला. रस्त्यावरच्या गाडीत तो बसणं कठीण होतं. रुडॉल्फने नंतर ट्रकसाठी लहान इंजिनाचे प्रयोगही केले, पण त्यातून विकण्याजोगी गाडी निघाली नाही.

नाव मोठं, खिसा रिकामा

पेटंटच्या हक्कांतून पैसा भरपूर आला. अमेरिकेतले हक्क बिअर उद्योगातल्या अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. रुडॉल्फने म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण सुरुवातीची विकलेली इंजिनं बिघडत होती, गिऱ्हाइकं चिडत होती, पेटंटवरून कोर्टकज्जे चालू होते. ताणाने तब्येत ढासळली आणि १८९८ मध्ये त्याला सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. जमिनीच्या व्यवहारांत आणि गुंतवणुकीत पैसा बुडाला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर तो चढला. सोबतच्यांबरोबर जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह मिळाला. खिशातल्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. वय ५५. ती आत्महत्या होती, अपघात होता की आणखी काही, हे कधीच सिद्ध झालं नाही. मागे कर्जाचा डोंगर होता, एवढं नक्की.

हवा बाहेर गेली आणि ट्रक आला

रुडॉल्फला जे १८९३ मध्ये करायचं होतं, ते त्याच्या मृत्यूनंतर साधलं. इंधन नुसत्या पंपाच्या दाबाने फवारायचं, हवेचा कॉम्प्रेसर काढून टाकायचा. १९२४ च्या सुमारास बेंझ आणि मान या कंपन्यांनी डिझेल ट्रक आणले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ पासून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले. डिझेल इंजिन आता खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं.

याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. भारतीय लष्कराचा शक्तिमान ट्रक मानच्याच परवान्याने जबलपूरला बनायचा. आणि नाशिककरांना ओळखीची मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी. डिझेलची नोझल बनवणाऱ्या तिच्या कारखान्यावरूनच शहरातल्या मायको सर्कलला नाव पडलं.

मग बुडबुडा एवढा का नडतो?

नवा पंप एका गृहीतावर चालतो: द्रव जवळजवळ दाबला जात नाही. पंपाने ढकललं की तो दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. जुन्या ट्रकच्या नोझलची सुई साधारण १७५ ते २०० बारला उघडते. पाइपात हवा असली तर ती स्प्रिंगसारखी दबते. पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात जातो, सुई उचललीच जात नाही आणि इंजिन गप्प बसतं.

हवा शिरते कुठून? टाकी ते फीड पंप या भागात पंप डिझेल ओढत असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथला ढिला जोड इंजिन चालू असताना गळत नाही, हवा ओढतो. त्यामुळे सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. फीड पंपाच्या पुढे दाब जास्त असतो, तिथे फट असेल तर डिझेल टपकताना दिसतं.

शोधायची पद्धत प्रोग्राममधला बग शोधण्यासारखीच: सिस्टिम अर्धी अर्धी करत जायचं.

१. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावा आणि इंजिन चालवून बघा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला आहे.

२. टाकी बाजूला ठेवून स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला डिझेल द्या. गाडी नीट चालली तर दोष टाकीपासूनच्या लाइनमध्येच. तरीही एअर येत असेल तर फीड पंप आणि त्यावरचा हँड प्रायमर तपासा.

३. लाइनमध्ये कडक झालेली रबरी नळी, दबलेले कॉपर वॉशर, गाळण्याच्या वाटीचं गॅस्केट आणि टाकीतला तडा गेलेला ओढनळ बघा. वॉशर जुने वापरू नका, नवे घाला.

४. शेवटी एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावर करा. इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपाजवळ हात नेऊ नका. त्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत जातो.

नुसती एअर काढून गाडी सुरू झाली म्हणजे काम झालं असं नाही. फट तशीच राहिली तर चार दिवसांनी गाडी पुन्हा उभी.