विल्यम जेम्स

विल्यम जेम्सचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. तरुणपणी त्याने चित्रकलेचा नाद सोडून हार्वर्ड विद्यापीठात शास्त्राभ्यास आरंभिला. १८६९ साली तो वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडला. पण शरीर दुबळे आणि मन त्याहून खचलेले! माणसाच्या हाती काहीच नाही, या विचाराने त्याला ग्रासले. १८७० साली एका फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचून त्याला धीर आला. मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे असे मानावयाचे, आणि हीच आपली पहिली स्वतंत्र कृती, असा त्याने निश्चय केला. हळूहळू तो सावरला.

ज्या मनाने त्याला छळले, त्याच मनाचा त्याने पुढे अभ्यास केला. हार्वर्डमध्ये तो मानसशास्त्र शिकवू लागला. दोन वर्षांत लिहावयाचा ग्रंथ पुरा होण्यास बारा वर्षे लागली! ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा तो ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. आपली जाणीव ही सुट्या कड्यांची साखळी नसून नदीसारखा अखंड वाहणारा प्रवाह आहे, असे त्याने त्यात प्रतिपादिले.

२६ ऑगस्ट १९१० रोजी तो निवर्तला. स्वतःच्या दुःखातूनही ज्ञानाची वाट काढता येते, हे त्याच्या चरित्रावरून दिसून येते.