माहुताचा मुलगा साबू

म्हैसूरपासून काही कोसांवर, कबिनी नदीच्या काठी, कारापूर नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाभोवती दाट अरण्य आणि त्या अरण्यात हत्तींचे कळप. पूर्वी म्हैसूर संस्थानच्या वतीने या भागात खेडा होत असे. खेडा म्हणजे रानहत्तींना चोहोंकडून हाकून मजबूत आवारात कोंडण्याची मोहीम. तेथे पाळीव हत्तींच्या साहाय्याने त्यांना माणसाळविण्यात येई. हे काम मोठे धोक्याचे. त्यासाठी निधडे आणि हत्तीचे मन ओळखणारे माहूत लागत. अशाच एका माहुताच्या घरी २७ जानेवारी १९२४ रोजी साबूचा जन्म झाला.

साबूच्या वाट्याला आईबापांचे छत्र फार काळ आले नाही. आई तो अगदी तान्हा असतानाच वारली आणि पुढे थोड्याच वर्षांत वडीलही गेले. राहता राहिला एक थोरला भाऊ. संस्थानच्या हत्तीखान्यात या मुलाला आसरा मिळाला. हत्तीला न्हाऊ घालावे, चारा द्यावा, त्याच्या मानेवर बसून पायाच्या नुसत्या स्पर्शाने त्याला वळवावे, यातच त्याचे बालपण गेले. शाळेत बसून जे शिकावयाचे ते राहून गेले; परंतु एवढ्या प्रचंड जनावराला जिव्हाळ्याने आपलेसे कसे करावे, ही विद्या त्याला पक्की अवगत झाली.

१९३५ साली रॉबर्ट फ्लॅहर्टी हे चित्रपट दिग्दर्शक म्हैसुरास आले. लंडनचे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्यांना हत्ती आणि एक माहुताचा मुलगा यांच्यावरील चित्रपट काढण्यासाठी पाठविले होते. मूळ कथा रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाची. हे किपलिंग आपल्या मुंबईतच १८६५ साली जन्मले होते.

फ्लॅहर्टी यांची काम करण्याची रीत निराळी होती. ज्या प्रदेशाची कथा, तेथीलच माणसे चित्रपटात घ्यावयाची, असा त्यांचा परिपाठ असे. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातील शिकारी आणि अरान बेटांवरचे कोळी यांना घेऊन त्यांनी पूर्वी नावाजलेले चित्रपट काढले होते. सराईत नट रंगभूषा करून माहूत दिसू शकेल; परंतु हत्ती त्याला ओळखणार नाही, आणि हत्तीच्या अंगावर चढताना त्याच्या मनातील भीती पडद्यावर लपणार नाही, हे ते जाणून होते.

नायकासाठी मुलाचा शोध सुरू झाला. बरीच मुले पाहिली, पण मनासारखा मुलगा मिळेना. अखेर छायाचित्रकार ऑस्मंड बोराडेल यांची नजर हत्तीखान्यातील साबूवर पडली. अंगाने सडपातळ, डोळे चमकदार, हसणे मोकळे; आणि हत्तीजवळ जाताना भय म्हणून ठाऊक नाही. फ्लॅहर्टी यांना हवा होता तोच हा मुलगा. साबूला त्या दिवसापर्यंत अभिनय कशास म्हणतात हेही माहीत नव्हते. त्याने रोजचे काम रोजच्यासारखे केले आणि यंत्राने ते टिपून घेतले.

म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार यांनी या कामास उदार साहाय्य दिले. अरण्यातील चित्रीकरणानंतर साबू व त्याचा भाऊ यांना इंग्लंडला नेण्यात आले. उरलेले प्रसंग लंडनजवळच्या डेनहॅम येथील स्टुडिओत झोल्टान कोर्डा यांनी पुरे केले. कारापूरच्या रानातून निघालेला हा मुलगा आता धुक्याच्या आणि थंडीच्या देशात येऊन पडला होता. भाषा परकी, अन्न परके, माणसे परकी. तरी तो बावरून गेला नाही. तेथील शाळेत जाऊन तो इंग्रजी शिकला आणि थोड्याच दिवसांत ती भाषा अस्खलित बोलू लागला.

‘एलिफंट बॉय’ हा चित्रपट १९३७ साली प्रकाशित झाला. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच्या दोन्ही दिग्दर्शकांचा गौरव झाला. साबूचे नाव देशोदेशी पोहोचले. १९३८ साली ‘द ड्रम’ या चित्रपटात त्याने सरहद्दीवरील एका राजपुत्राचे काम केले. त्याची भूमिका लोकप्रिय झाली, पण चित्रपटात ब्रिटिश सत्तेची भलावण होती. आपला देश तेव्हा स्वातंत्र्यासाठी झगडत होता. मुंबईत या चित्रपटाविरुद्ध मोठी निदर्शने झाली आणि तो मागे घ्यावा लागला. चौदा वर्षांच्या साबूचा यात काही दोष नव्हता. चित्रपटाची कथा दुसरे लिहीत, आणि आपल्या देशाचे जे चित्र ते रंगवीत त्यात उभे राहणे एवढेच त्याच्या हाती होते.

यानंतर ‘द थीफ ऑफ बगदाद’ या भव्य चित्रपटात त्याने अबू नावाच्या चलाख मुलाची भूमिका केली. चित्रीकरण चालू असताना १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि उरलेले काम अमेरिकेत पुरे करावे लागले. साबू तेथे गेला तो तेथीलच झाला. १९४२ साली ‘जंगल बुक’ या चित्रपटात तो मोगली झाला. रानात वाढलेल्या मुलाची ती भूमिका त्याच्याइतकी शोभली असती असा दुसरा नट त्या काळी मिळणे कठीण होते.

कीर्ती आणि पैसा ही दोन्ही हाती असताना माणसास धोक्याची वाट सहसा आवडत नाही. साबूने मात्र तीच पत्करली. १९४४ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि हवाई दलात दाखल झाला. पॅसिफिक महासागराच्या रणक्षेत्रात बाँबफेकी विमानातील मशीनगन चालविण्याचे काम त्याच्याकडे होते. शत्रूची विमाने चाल करून आली म्हणजे त्यांना थोपवून धरणारा हा शिपाई. अनेक मोहिमांत त्याने हे काम धैर्याने पार पाडले. त्याबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे सन्मानाचे पदक त्याला मिळाले.

युद्ध संपले, साबू परत आला. परंतु आता तो मुलगा राहिला नव्हता. १९४७ साली ‘ब्लॅक नार्सिसस’ या चित्रपटात त्याने एका तरुण भारतीय राजपुत्राचे काम उत्तम वठविले. तथापि त्याला शोभतील अशा भूमिका पुढे मिळेनात. हिंदी माणसाची मोठी भूमिका असली, तर त्या काळी गोऱ्या नटालाच रंग फासून उभे करण्याची प्रथा होती. ‘ब्लॅक नार्सिसस’मध्येही एका हिंदी मुलीचे काम इंग्रज अभिनेत्रीने केले होते. साबूसाठी उरत ती रान, हत्ती आणि वाघ यांचीच चित्रे. ज्या दाराने तो आत आला होता, तेच दार त्याच्याभोवतीची भिंत झाले. तरी तो खचला नाही. मिळेल ते काम त्याने प्रामाणिकपणे केले, संसार थाटला आणि मुलाबाळांत रमला.

मायदेशी काम करण्याची एक संधी मात्र त्याच्या अगदी जवळ येऊन गेली. मेहबूब खान हे ‘मदर इंडिया’ या चित्रपटाची जुळवाजुळव करीत असताना त्यांच्या मनात बिरजूच्या भूमिकेसाठी साबूचे नाव होते. परंतु साबू आता परदेशाचा नागरिक. भारतात काम करण्याचा परवाना त्याला मिळाला नाही. ती भूमिका सुनील दत्त यांनी केली आणि १९५७ साली तो चित्रपट प्रकाशित होऊन अजरामर झाला. जगभर हिंदी मुलगा म्हणून ज्याला ओळखत, त्याला आपल्या देशाच्या एकाही चित्रपटात काम करता आले नाही.

२ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्याने साबूचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. त्याचा अखेरचा चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला.

साबूने परदेशी जाण्याचा बेत कधी आखला नव्हता. तो आपल्या हत्तीखान्यात आपले काम मनापासून करीत होता, आणि तेच काम पाहण्यासाठी जग त्याच्या दारी आले. अंगी मुरलेली विद्या माणसाला कोठे नेऊन पोहोचवील, हे सांगता येत नाही. मात्र माणसाची योग्यता त्याच्या एकाच गुणावरून ठरवून टाकणे न्यायाचे नाही, हेही साबूच्या जीवनावरून ध्यानात येते. ज्याला जगाने नेहमी रानातला मुलगाच मानले, तो रणांगणावर शूर शिपाई ठरला होता.

म्हैसूरच्या रानातील खेडा आता बंद झाला आहे. पण उन्हाळा आला की हत्तींचे कळप आजही कबिनीच्या पाण्यावर उतरतात.